घरातल्या घरात वाळीत

प्रश्न: लग्नानंतर मी कराडला असते. धाकटा भाऊ २६ वर्षांचा. चाकणला एका कंपनीत आहे आणि भोसरीत मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. दिवाळीत घरी स्थळांचा विषय निघाला, तेव्हा त्यानं आई-आप्पांना सांगितलं, की मी समलिंगी आहे, मुलीशी लग्न करून तिचं वाटोळं करणार नाही. कोणी आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. आप्पा एवढंच म्हणाले, ‘हा विषय या घरात परत काढायचा नाही.’ तेव्हापासून खरंच कोणी काढलेला नाही. पण चुलतभावाच्या हळदीला ‘उगाच सुट्टी कशाला वाया घालवतोस’ म्हणून त्याला येऊ दिलं नाही. आता तो फोनवर नीट बोलत नाही, रात्र रात्र जागा असतो, वजन उतरलंय. मागच्या आठवड्यात म्हणाला, ‘ताई, मी नसतो तर सगळ्यांनाच बरं झालं असतं.’ आई म्हणते, ‘आम्ही त्याला काय कमी केलं?’ हा आजार आहे का? त्यावर उपचार आहेत का? मी काय करू? आणि गणपतीला त्याला घरी बोलवावं का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात बरंच काही आहे, पण त्यातलं एक वाक्य थांबणारं नाही. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं माणूस सहज म्हणत नाही. तेव्हा हे उत्तर इथंच ठेवा, त्याला फोन लावा आणि आडवळणानं न जाता विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का रे? कसा द्यायचा, याचा विचार केलायस का?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती अनेकांना असते. तसं होत नाही. मी २२ वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न रोज विचारते. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तेव्हा सुटका दिसते. कोणीतरी विचारलं, एवढ्यानंच थोडं ओझं उतरतं. तो ‘हो’ म्हणाला, आणि त्यातही कसं, कधी याचा बेत सांगू लागला, तर त्याला त्या रात्री एकटं ठेवू नका. खोलीतल्या मित्राला सोबत थांबायला सांगा, स्वतः निघा, आणि त्याच दिवशी जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. भाऊ गावी येणार असेल तर त्याआधी पडवीतली, गोठ्यातली कीटकनाशकं आणि तणनाशकं कुलपात घाला. हे वाचून तुम्हाला कसंसं होईल, तरी घाला. आत्महत्येची लाट अनेकदा काही तासांची असते. त्या तासांत हाताशी बाटली नसली, तर पुष्कळ जीव वाचतात. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून कुणी दवाखान्यात न्यायला कचरत असेल, तर त्याला सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही.

आता आजाराचं. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. भावाचं समलिंगी असणं हा आजार नाही. त्याचं न झोपणं, वजन उतरणं, जगणं नकोसं होणं, ही मात्र नैराश्याची लक्षणं दिसतात, आणि नैराश्यावर चांगले उपचार आहेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी तेच केलं. आपल्याकडच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये हा आजार नव्हे, असं जाहीरपणे सांगितलं. तारखा एवढ्यासाठी सांगते, की आमच्याच व्यवसायाला हे उमगायला फार वेळ लागला आणि त्याची किंमत तुमच्या भावासारख्यांनी मोजली. मी स्वतः अगदी सुरुवातीच्या काळात एका आईला म्हणाले होते, ‘वय लहान आहे, थोडं थांबून पाहा, बदलेलही.’ ती बाई आशेनं गेली आणि मुलावर आणखी चार वर्षं पाळत ठेवली. माझं ते वाक्य चुकीचं होतं. आजही आठवलं की बोचतं.

तुमच्या आईचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘आम्ही त्याला काय कमी केलं?’ त्या खोटं बोलत नाहीत. घरी आला की ताट वाढलं जातं, निघताना लाडवाचा डबा दिला जातो. तरी तो खचतोय. का, ते समजून घेऊ.

आपल्याकडे वाळीत टाकणं हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पाणी तोडायचं, चूल तोडायची, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही. जातपंचायतींच्या या जाचामुळे महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा केला. तो २०१७ पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो बहिष्कार डोळ्यांना दिसतो. वाळीत टाकलेल्यालाही कळतं की आपल्यावर अन्याय होतोय, तो चारचौघांत सांगू शकतो. समलिंगी मुलामुलींच्या वाट्याला येतं ते घरातल्या घरात वाळीत टाकणं. ताट असतं, अंथरूण असतं, फक्त त्या माणसाच्या आयुष्यातला एक अख्खा भाग नसल्यासारखा धरला जातो. थोरल्याला विचारतात, सूनबाई कशी आहे. मधल्याला विचारतात, कोणी पाहिलीस का. याला विचारतात, पगार वेळेवर होतो ना. हा अन्याय आहे, असं त्यानं म्हणायचं तरी कोणाला? कोणी काही केलेलंच नाही. मग तो सगळा दोष स्वतःकडे घेतो. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ हे वाक्य तिथून येतं.

असं मूकपणे वगळलं जाणं किती खोल लागतं, याचा एक साधा प्रयोग आहे. नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाला मेंदूचं स्कॅन करणाऱ्या यंत्रात झोपवायचं आणि समोरच्या पडद्यावर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा खेळ खेळायला द्यायचा. थोडा वेळ चेंडू त्याच्याकडे येतो. मग उरलेले दोघं आपसातच टाकू लागतात. शिवी नाही, भांडण नाही, नुसता चेंडू यायचा थांबतो. तेवढ्यानंही माणसं दुखावली गेली, आणि शारीरिक वेदनेच्या त्रासाशी ज्याचा संबंध जोडला जातो तो मेंदूचा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. पुढे दुसऱ्या संशोधकांना असंही आढळलं, की समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू टाकतोय, हे आधी सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतं. तो खेळ काही मिनिटांचा होता आणि समोरची माणसं अनोळखी होती. तुमच्या भावाकडे चेंडू यायचा थांबला तो दिवाळीपासून, आणि समोर जन्मदाते आहेत.

याच्या जोडीला रोजची एक झीज असते. इलान मायर या संशोधकानं २००३ मध्ये ती नीट मांडली. अल्पसंख्य असण्याचा ताण, असं तिला म्हणता येईल. मारहाण, टोमणे, नोकरीतला भेदभाव हे बाहेरून येतं. पण त्याहून जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टी आत चालतात: आता कोणी काही बोलेल का याची सतत चाहूल घेणं, लपवणं, आणि लोक जे म्हणतात ते खरंच असेल असं स्वतःला वाटू लागणं. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द शाळेत एकदा कानावर पडतात आणि मग कोणी न म्हणताही डोक्यात वाजत राहतात. लपवण्याबद्दल इथे थोडं अधिक सांगायला हवं, कारण आपल्या मराठीत लपवणं फारच अवघड आहे. आपलं क्रियापदच लिंग सांगतं. ‘काल घरी कोण होतं?’ याचं उत्तर ‘तो आला होता’ किंवा ‘ती आली होती’ असंच द्यावं लागतं. त्यामुळे सोमवारी कंपनीच्या बसमध्ये ‘रविवारी काय केलं’ एवढ्या साध्या प्रश्नालाही ही मुलं वाक्य मनात फिरवून मगच बोलतात. माझ्याकडे येणारा एक तरुण कायम ‘आम्ही’ म्हणायचा. आम्ही सिंहगडावर गेलो, आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. ‘आम्ही गेलो’ यात लिंग कळत नाही. त्या एका शब्दाच्या आडोशाला तो सहा वर्षं राहिला. दिवसभरात पन्नास वेळा असं सावध राहायचं म्हणजे काय, हे ज्यांना कधी करावं लागलेलं नाही त्यांना सांगून पटत नाही. संध्याकाळी तो माणूस दमलेला असतो, आणि का दमलाय हे कुणाला सांगूही शकत नाही.

म्हणूनच या लोकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त दिसते. २००८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा समलिंगी आणि उभयलिंगी (म्हणजे स्त्री-पुरुष दोघांविषयीही ओढ वाटणाऱ्या) लोकांत नैराश्य व चिंताविकारांचा धोका इतरांच्या किमान दीडपट आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचा सुमारे दुप्पट दिसला. हे आकडे दाखवून ‘बघा, म्हणजे हे लोक मुळातच आजारी’ असं म्हणणारे मला भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. २००४-०५ च्या सुमारास तिथल्या काही राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली. आधी आणि नंतर त्याच माणसांची पाहणी झाली होती. बंदी आलेल्या राज्यांतल्या समलिंगी आणि उभयलिंगी लोकांत नैराश्यासारखे भावविकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले. बंदी नव्हती तिथे अशी वाढ नव्हती. माणसं तीच, त्यांचं मन तेच. बाहेर कायदा बदलला आणि आत आजार वाढला. आपल्याकडेही मी हे जवळून पाहिलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून या लोकांना मोकळं केलं होतं, ते ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात उलटलं. त्या आठवड्यात एका मुलानं मला फोन करून विचारलं होतं, ‘मॅडम, माझं नाव तुमच्या कुठल्या वहीत आहे का?’ पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं, की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानं माफी मागायला हवी. कुटुंबीयांचीही, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या आईलाही ती माफी लागू आहे, कारण तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं.

घराचा परिणाम मात्र कायद्याहून मोठा. केटलिन रायन यांनी सॅन फ्रान्सिस्को भागातल्या २१ ते २५ वयाच्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना विचारलं, की किशोरवयात घरचे तुमच्याशी कसे वागले. २००९ च्या त्या अभ्यासात ज्यांना घरून फार नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण घरून नकार नसलेल्या किंवा थोडाच असलेल्यांच्या मानानं ८.४ पट होतं, नैराश्य सुमारे सहापट. आणि नकार म्हणजे त्यांनी फक्त मारणं किंवा हाकलणं धरलेलं नव्हतं. घरच्या कार्याला न बोलावणं, त्या मित्रांशी संबंध तोडायला लावणं, ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणणं, हेही त्यांच्या कामात नकार म्हणूनच मोजलं जातं. म्हणजे तुमच्या चुलतभावाची हळद त्यात येते. आप्पांना हे दोष म्हणून सांगू नका. पण नकार जितका उतरतो तितका धोकाही उतरतो, हे नक्की सांगा. त्यांनी उद्या मिरवणुकीत झेंडा घेऊन चालावं असं कोणाचंच म्हणणं नाही. एक पाऊल कमी झिडकारलं, तरी मुलाच्या तब्येतीत ते दिसतं.

तुमचा प्रश्न भावाचा आहे, पण हे वाचणाऱ्यांत कुणाची बहीण, कुणाची लेक असेल, म्हणून थोडं वेगळं सांगते. मुलगा निदान भोसरीत खोली घेऊन राहू शकतो. मुलीच्या बाबतीत बहिष्कार बहुधा दार लावून होतो. फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, मामाच्या गावी ठेवलं जातं आणि महिनाभरात सुपारी फुटते. मदुराईच्या दोन तरुणी अशाच घरातून निघून चेन्नईला गेल्या होत्या. आई-वडिलांनी बेपत्ता झाल्याची तक्रार केली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी तेव्हा एक विलक्षण गोष्ट केली. मला हा विषय पुरेसा कळत नाही, असं म्हणून ते स्वतः मानसतज्ज्ञासमोर शिकायला बसले, आणि मगच ७ जून २०२१ चा आदेश लिहिला. लैंगिक कल ‘बदलण्या’च्या उपचारांना त्यात मनाई आहे. माझ्याकडे येणाऱ्या बापांना मी हे आवर्जून सांगते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ‘मला शिकावं लागेल’ म्हणताना कमीपणा वाटला नाही.

उभयलिंगी लोकांचं दुखणं आणखी निराळं. त्यांची स्थिती काही वेळा समलिंगींपेक्षाही बिकट असते, असं अभ्यास सांगतात, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. घरचे म्हणतात, ‘तुला बाई आवडते ना, मग कर लग्न आणि सोड तो नाद.’ समलिंगी मित्र म्हणतात, ‘तुझं काय, तू उद्या बोहल्यावर चढशील.’ दोन्हीकडे ती माणसं खोटी ठरतात.

लग्न हा उपाय नाही, हे तुमच्या भावाला कळलंय आणि त्यानं ते घरात ठामपणे सांगितलं, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. ‘चार दिवस संसार केला की सगळं जागेवर येतं’ या सल्ल्यानं उभी राहिलेली लग्नं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. माझ्यात काय कमी होतं, हा त्यांचा प्रश्न. सहा-सात वर्षं त्यांनी स्वतःलाच दोष दिलेला असतो. आई पुन्हा स्थळ काढू लागली, तर तिला त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल विचारा. तीही कुणाची तरी लेक आहे. हा मुद्दा आयांना पटकन भिडतो.

आता आई-आप्पांकडे कसं जायचं. पहिली गोष्ट, त्यांच्याशी हुज्जत घालू नका आणि दोघांना एकत्र बसवून भाषण देऊ नका. त्यांनीही काही गमावलंय. मुलाच्या डोक्यावरचा फेटा, सुनेचं माप ओलांडणं, नातवाचं बारसं हे सगळं त्यांच्या मनात सजवून ठेवलेलं होतं. वर भावकीची धास्ती. ‘लोक काय म्हणतील’ याला आपण शहरात बसून नावं ठेवतो, पण गावात पाण्याच्या पाळीपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळं त्याच लोकांच्या हातात असतं. ती भीती खरी आहे. म्हणून आप्पांकडून स्वीकाराचा शब्द मागू नका, एक छोटी कृती मागा. ‘आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः त्याला फोन करा आणि जेवलास का विचारा’, एवढंच. आईला, शक्य झालं तर, अशाच दुसऱ्या एखाद्या आईशी जोडून द्या. समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आई-वडिलांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो, आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. डॉक्टरनं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते दुसऱ्या आईनं ‘मीपण देव पाण्यात ठेवले होते हो’ म्हटल्यावर होतं.

एक काळजी घ्या. त्याच्या वतीनं कुणालाही सांगू नका. तुमच्या मिस्टरांनाही नाही, आत्यालाही नाही, तो ‘चालेल’ म्हणेपर्यंत. मदत करायच्या नादात बहिणीकडूनच बातमी फुटते आणि मग त्याला बोलायला उरलेली एकुलती एक जागाही जाते.

डॉक्टर निवडताना फोनवरच विचारा: ‘माझा भाऊ समलिंगी आहे, त्याला नैराश्य आलंय. तुम्ही नैराश्यावर उपचार कराल की त्याला बदलायला सांगाल?’ उत्तर गुळमुळीत आलं, ‘आधी आणा, मग बघू’ असं आलं, तर दुसरा दवाखाना शोधा. हार्मोनची इंजेक्शनं, शॉक, ‘मर्दानी’ करणारी शिबिरं, हे कोणी सुचवलं तर तिथून उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत आणि त्याविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. देवऋषी आणि बुवांबद्दल एवढंच, की आई अंगारा लावत असेल तर लावू द्या, पण उपाशी ठेवणं, कोंडणं, मारणं यातलं काहीही सुरू झालं तर मध्ये पडा.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. नैराश्यावर आम्ही बहुतेक वेळा ज्या गोळ्या देतो, एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरे, त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्यांनी अनेकांची लैंगिक इच्छा काही काळ मंदावते. मग मुलगा एखाद्या वेळी बोलून जातो, ‘आता मला तसं काही वाटतच नाही,’ आणि घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. तो बदललेला नसतो. तो औषधाचा दुष्परिणाम असतो. अशा वेळी उत्साहानं स्थळं बघायला घेतलेली कुटुंबं मला माहीत आहेत. भावालाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरून गोळ्या मध्येच सोडणार नाही. आणि नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, सोबत समुपदेशन हवं. मनात बसलेले ते शाळेतले शब्द गोळीनं पुसले जात नाहीत.

आणखी एक कागद करून ठेवा. २०१७ च्याच कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. आपण मानसिक आजारानं निर्णय घेऊ शकलो नाही, तर आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे तो आधीच ठरवतो. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं, आणि ती व्यक्ती नातेवाईकच असली पाहिजे असं नाही. भाऊ तुमचं नाव लिहू शकतो, खोलीतल्या मित्राचंही. त्याच कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, हेही आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे जोडीदाराला दवाखान्यात ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, तर दाखवायला दाखला नसतो. हा साधा कागद तेवढ्यापुरता तरी उपयोगी पडतो.

राहिला गणपतीचा प्रश्न. बोलवा. पण ‘ये, दोन दिवस राहून जा’ असं पाहुण्यासारखं बोलवू नका, काम देऊन बोलवा. यंदाची आरास तू करायची, मूर्ती आणायला आप्पांबरोबर तू जायचं. गाडीवर मागेपुढे बसून मूर्ती आणताना बापलेकांना बोलावं लागत नाही आणि तरी दोघं एकत्र असतात. पहिल्या खेपेला तेवढं पुष्कळ. आरतीनंतर कोणी ‘आता बार कधी उडवायचा?’ विचारणारच, तेव्हा उत्तर त्याला द्यायला लावू नका. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि म्हणा, ‘ते त्याचं तो बघेल, तुम्ही प्रसाद घ्या.’ तुमच्या पत्रात खोलीतल्या मित्राचा उल्लेख एका शब्दापुरता आलाय. तो नुसता मित्र आहे की आणखी कोणी, हे मला माहीत नाही आणि कदाचित तुम्हालाही नाही. आज फोन कराल तेव्हा सगळं बोलून झाल्यावर एवढं विचारा, की तुझ्याबरोबर राहतो तो कसा आहे, तुझ्याकडे बघतो ना नीट. आणि मग तो जे सांगेल ते ऐका, मध्ये न बोलता.